दाक्षिण्याची कसोटी

दाक्षिण्य हा आपल्या भाषेतील एक जुना आणि गोड शब्द आहे. संस्कृतात 'दक्षिण' म्हणजे उजवा. आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ सरळ, अनुकूल, दुसऱ्याचे मन राखणारा असाही होतो. आपल्या सोयीआधी दुसऱ्याची सोय पाहणे, याला दाक्षिण्य म्हणतात. स्त्रियांच्या बाबतीत पुरुषांनी दाखवावयाच्या अशा सौजन्याला मराठीत 'स्त्रीदाक्षिण्य' हा खास शब्द रूढ आहे.

स्त्रीदाक्षिण्याचे प्रसंग आपण नित्य पाहतो. आश्विनातील नवरात्रात तुळजापूरच्या बसस्थानकावर मुंगीला शिरावयास वाव नसतो. गाडी भरते, मागून एखादी स्त्री आत चढते आणि बसलेल्यांपैकी कोणी तरुण उठून म्हणतो, "ताई, या, बसा." कोणी दार उघडून धरतो, कोणी "आधी बायकांना जाऊ द्या" असे म्हणून मागे सरतो, कोणी हातातील पिशवी घेतो. अशा वर्तनाचे आपण कौतुक करतो; आणि घरी वडील माणसे मुलांना हेच वळण लावतात.

परंतु अलीकडे काही विचारी माणसे याबाबत एक शंका घेतात. ती म्हणतात, "ज्या स्त्रीला तुम्ही बसावयास जागा देता, ती तुमच्याइतकीच धडधाकट आहे. ती स्त्री आहे एवढ्याच कारणाने तुम्ही तिला दुबळी ठरविता. हा मान नव्हे. ही गोड शब्दांत केलेली अवहेलना आहे." यावर दुसरा पक्ष उत्तर देतो, "सौजन्याने कोणाचा अपमान होत नाही. आज हे वळण सोडाल, तर उद्या जगात केवळ धक्काबुक्की उरेल."

मुलांनो, या दोन पक्षांपैकी खरा कोणता? घाईने उत्तर देऊ नका. आधी एक जुनी गोष्ट ऐका.

तुमच्यापैकी पुष्कळांनी तेर हे गाव पाहिले असेल. धाराशिव जिल्ह्यातील हे गाव संत गोरोबाकाकांचे. गोरोबा जातीने कुंभार. त्यांच्याविषयी एक आख्यायिका सांगतात. एकदा त्यांच्या घरी संतमंडळी जमली होती. त्या मंडळींत वयाने लहान अशी मुक्ताबाई होती. तिने कोपऱ्यातील लाकडी थापटणे पाहिले आणि गोरोबांना विचारले, "काका, हे काय?" गोरोबा म्हणाले, "याने मी मडके थापटून पाहतो. आवाजावरून ते कच्चे की पक्के, ते कळते." मुक्ताबाई म्हणाली, "मग आम्ही सारी मडकीच की! पाहा बरे, यांत कोण कच्चे आहे." गोरोबांनी एकेकाच्या मस्तकावर थापटणे मारून पाहिले, आणि भक्तशिरोमणी नामदेव तेवढे कच्चे ठरले. नामदेव रागावले, पण पुढे त्यांनी गुरू केला आणि ते पक्के झाले, असे ही कथा सांगते.

या कथेत आपल्या कामाच्या दोन गोष्टी आहेत. पहिली ही की, मुक्ताबाई लहान होती, मुलगी होती. तरी तिचा प्रश्न कोणी हसण्यावारी नेला नाही, की "पोर आहे, तिचे मन राखू या" म्हणून मान्य केला नाही. तो प्रश्न योग्य होता म्हणून मान्य झाला. दुसरी गोष्ट अशी की, बाहेरून सारी मडकी सारखीच दिसतात. कच्चे कोणते, हे थापटल्यावाचून कळत नाही. दाक्षिण्याचेही असेच आहे. कोणते दाक्षिण्य पक्के आणि कोणते कच्चे, हे ओळखण्यासाठी आपण त्यावर चार वेळा थापटणे मारून पाहू.

पहिली कसोटी गरजेची. आपण जे करतो, ते समोरच्या माणसाची अडचण पाहून करतो, की केवळ ती स्त्री आहे हे पाहून? कडेवर मूल असलेल्या मातेला जागा देणे, हे गरज ओळखणे होय. परंतु त्याच गाडीत काठी टेकीत उभ्या असलेल्या वृद्ध आजोबांकडे, किंवा दिवसभर उसाच्या मोळ्या वाहून थकलेल्या मजुराकडे जर आपण ढुंकूनही पाहत नसू, तर आपले दाक्षिण्य अपुरे आहे. तसेच, धडधाकट मुलीने उठून आजोबांना जागा दिली, तर तेही तितकेच शोभते. दाक्षिण्य ही पुरुषांची मिरासदारी नव्हे. जो समर्थ आहे, त्याने अडलेल्यास हात द्यावा, हा त्यातला गाभा. समर्थ कोण आणि अडलेला कोण, हे प्रसंगाप्रमाणे बदलते.

दुसरी कसोटी विचारण्याची. "मावशी, पिशवी धरू का?" असे विचारणे निराळे, आणि न विचारता पिशवी हिसकावून घेणे निराळे. विचारणारा समोरच्या माणसाच्या मताला किंमत देतो. "नको, माझी मी नेते" असे उत्तर आले, तर हसून बाजूला होणे, हेही दाक्षिण्यच. नकार मिळाल्यावर जो रागावतो, त्याला मदत करावयाची नव्हती. त्याला उपकारकर्ता म्हणून मिरवावयाचे होते.

तिसरी कसोटी सर्वांत महत्त्वाची. एका हाताने देताना आपण दुसऱ्या हाताने काही काढून घेतो काय? याची काही उदाहरणे आपण नीट पाहू.

महाराष्ट्रात ग्रामपंचायती, पंचायत समित्या आणि जिल्हा परिषदा यांतील निम्म्या जागा २०११ च्या कायद्याने स्त्रियांसाठी राखून ठेवण्यात आल्या. त्यामुळे खेडोपाडी स्त्रिया सरपंच झाल्या. परंतु काही गावांत असे घडते, की सभेची वेळ झाली म्हणजे घरची पुरुषमंडळी म्हणतात, "वहिनी, तुम्ही कशाला एवढ्या उन्हात त्रास घेता? आम्ही जातो. तुम्ही सही तेवढी करा." बोलणे किती मायेचे! परंतु त्या मायेच्या पदराआड सरपंचाची खुर्ची दुसऱ्यानेच घेतलेली असते. लोक अशा गृहस्थास थट्टेने 'सरपंचपती' म्हणतात. पण ही थट्टेची गोष्ट नाही.

दुसरे उदाहरण घरातले आहे. भाऊबीजेला बहीण भावाला ओवाळते, भाऊ तिला साडीचोळी करतो, आणि "मी आहे ना तुझ्या पाठीशी" असे म्हणतो. हा सण मोठा सुंदर आहे. पण वडिलांच्या जमिनीच्या वाटणीची वेळ आली, म्हणजे पुष्कळदा त्याच बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवले जाते. "तुला काय कमी आहे? माहेर तुटू देऊ नकोस," असे तिला समजावतात; आणि माहेर तुटेल या भयाने ती सही करते. वस्तुतः वडिलार्जित मालमत्तेत मुलीचा मुलाइतकाच वाटा महाराष्ट्राने १९९४ मध्ये कायद्याने मान्य केला. साऱ्या देशासाठी हिंदू उत्तराधिकार कायद्यात तशी दुरुस्ती २००५ मध्ये झाली. आणि हा हक्क मुलीला जन्मतःच मिळतो, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दिला. बहीण समजून उमजून आपला वाटा सोडील, तर तो तिचा अधिकार आहे. पण ज्या प्रेमापोटी साडी मिळते आणि शेत जाते, त्या प्रेमावर थापटणे मारले, तर कोणता आवाज निघेल, याचा विचार तुम्हीच करा.

तिसरे उदाहरण पुण्याजवळच्या खडकवासल्याचे. तेथील राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत सैन्याचे भावी अधिकारी तयार होतात. अनेक दशके तेथे मुलींना प्रवेश नव्हता. सैनिकी जीवनाचे कष्ट स्त्रियांना सोसवणार नाहीत, असे म्हटले जाई. हेही एक प्रकारचे स्त्रीदाक्षिण्यच! सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये मुलींना प्रवेशपरीक्षेस बसू देण्याचा आदेश दिला; २०२२ मध्ये मुलींची पहिली तुकडी दाखल झाली; आणि मे २०२५ मध्ये सतरा मुली तेथील शिक्षण पुरे करून बाहेर पडल्या. त्यांना कोणी कष्ट माफ केले नव्हते; त्यांनी मागितली होती ती केवळ संधी.

आता चौथी कसोटी. आपले दाक्षिण्य चारचौघांत दिसते तेवढेच, की कोणी पाहत नसतानाही टिकते? धाराशिव जिल्हा पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतो. पाऊस कमी, उन्हाळा कडक. टंचाईच्या दिवसांत दूरवरून पाणी आणावे लागते. आणि हा हंडा बहुधा कोणाच्या डोक्यावर असतो, हे तुम्हांला सांगावयास नको. बाजारात स्त्रीसाठी दार उघडून धरणारा गृहस्थ घरी आल्यावर जर "पाणी आण" एवढेच म्हणत असेल, आणि ते पाणी कोठून आले हे विचारीत नसेल, तर त्याचे दाक्षिण्य उंबरठ्याबाहेरच राहिले, असे म्हटले पाहिजे. दाराचे वजन फार नसते, हंड्याचे असते. म्हणून दार उघडणाऱ्याने हंड्यालाही हात लावावा, हे उचित.

दाक्षिण्य हे कितीही चांगले असले, तरी ते देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असते, हेही विसरता कामा नये. याविषयी समुद्रावरील एक प्रसिद्ध घटना पाहण्यासारखी आहे. एप्रिल १९१२ मध्ये टायटॅनिक नावाचे प्रचंड जहाज हिमनगावर आदळून अटलांटिक महासागरात बुडाले. होड्या थोड्या आणि माणसे फार. तेव्हा "स्त्रिया आणि मुले आधी" असा हुकूम सुटला. त्या रात्री जहाजावरील दर चार स्त्रियांपैकी सुमारे तीन वाचल्या. पुरुषांपैकी मात्र पाचांत सुमारे एकच वाचला. ज्यांनी दुसऱ्यांस जागा देऊन स्वतः मरण पत्करले, त्यांचे धैर्य वंदनीय होय.

तथापि या घटनेची दुसरी बाजूही आहे. त्या काळी इंग्लंडमधील स्त्रिया मतदानाचा हक्क मागत होत्या. त्यांचे विरोधक म्हणू लागले, "तुम्हांला बरोबरी हवी, की होडीत आधी जागा हवी?" जणू जीव वाचविल्याच्या मोबदल्यात हक्क सोडावयाचा होता! त्या देशातील काही स्त्रियांना १९१८ मध्ये आणि सर्व प्रौढ स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने १९२८ मध्ये मताचा हक्क मिळाला. पुढे २०१२ मध्ये स्वीडनमधील दोन संशोधकांनी अठरा जहाजांच्या अपघातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात असे आढळले, की टायटॅनिक हा अपवाद होता. एकंदरीत पाहता अशा अपघातांत पुरुषांपेक्षा स्त्रियाच कमी वाचल्या होत्या. यावरून काय दिसते? ज्याचा आधार केवळ मर्जी आहे, ते संकटाच्या वेळी मिळेल किंवा मिळणारही नाही. ज्याचा आधार हक्क आहे, ते मागता येते.

आपल्या राज्यघटनेने हा भेद ओळखला आहे. आपल्या देशात घटनेनेच स्त्री आणि पुरुष या दोघांना एकाच वेळी, समान मताधिकार दिला. लिंगावरून भेदभाव करू नये, असे तिचा पंधरावा अनुच्छेद सांगतो. स्त्रियांच्या प्रतिष्ठेला उणेपणा आणणाऱ्या प्रथा सोडून देणे, हे घटनेने प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य म्हणूनही सांगितले आहे.

येथे एखादा चतुर विद्यार्थी विचारील, "मग एस.टी.त स्त्रियांसाठी राखीव आसने का? मार्च २०२३ पासून त्यांना अर्ध्या तिकिटात प्रवास का? हा भेदभाव नव्हे काय?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर असे, की त्याच पंधराव्या अनुच्छेदात स्त्रियांसाठी व मुलांसाठी विशेष तरतुदी करण्याची मुभा राज्याला दिली आहे. ज्यांच्या वाटेत पिढ्यान्‌पिढ्या अडथळे होते, त्यांना केवळ "आता धावा" म्हणणे पुरेसे नाही. अडथळेही दूर करावे लागतात. ज्या मुलीला तालुक्याच्या शाळेत जाण्यासाठी घरून पैसे मिळणे कठीण, तिला अर्धे तिकीट म्हणजे शाळेची अर्धी वाट होय. अशी सवलत किती असावी, कोणास असावी आणि किती काळ असावी, यावर लोकांत मतभेद आहेत आणि तसे ते असू शकतात. परंतु प्रत्येक वेळी कसोटी हीच लावावी, की या तरतुदीमुळे स्त्री पुढे येते, की मागे बसविली जाते?

आपल्या जिल्ह्यातील दोन उदाहरणांनी ही गोष्ट अधिक स्पष्ट होईल.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या जिल्ह्यांत मोठा भूकंप झाला. लातूरमधील किल्लारी, आपल्या जिल्ह्यातील सास्तूर अशी गावे उद्ध्वस्त झाली. हजारो माणसे दगडमातीच्या भिंतींखाली गेली. त्यानंतर घरे पुन्हा उभारण्याचे व मजबूत करण्याचे काम सुरू झाले. अशा वेळी "बायकांनी छावणीत बसावे, घरे पुरुष बांधतील" असे म्हणणे सोपे होते. त्याला कोणी दाक्षिण्यही म्हटले असते. परंतु शेकडो गावांत बचत गटांतील आणि महिला मंडळांतील स्त्रियांना 'संवाद सहायक' म्हणून नेमण्यात आले. सरकारी योजना त्यांनी घरोघर समजावून सांगितली, बांधकामाची माहिती करून घेतली, कामावर लक्ष ठेवले आणि लोकांच्या अडचणी अधिकाऱ्यांपुढे मांडल्या. दयेला पात्र म्हणून पाहिल्या जाणाऱ्या स्त्रिया कामाच्या भागीदार झाल्या. पुढे याच परिसरातील अनेक स्त्रिया शेतीत व लहान उद्योगांत पुढे आल्या. त्यांपैकी उस्मानाबाद जिल्ह्यातील कमल कुंभार यांना राष्ट्रपतींच्या हस्ते २०२२ मध्ये 'नारी शक्ती पुरस्कार' मिळाला.

दुसरे उदाहरण खो-खोच्या मैदानावरचे. धाराशिवची सारिका काळे ही २०१६ मध्ये गुवाहाटी येथील दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धांत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला खो-खो संघाची कर्णधार होती. २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार देण्यात आला. आता अशी कल्पना करा, की शाळेच्या मैदानावर मुलगे व मुली एकत्र खो-खो खेळत आहेत. एखादी मुलगी धावते आहे आणि पाठलाग करणारा मुलगा "जाऊ दे, मुलगी आहे" असे म्हणून मुद्दाम हात आखडता घेतो. त्याला वाटते, आपण मोठे औदार्य दाखविले. पण त्या मुलीला काय वाटेल? ती बाद झाली नाही, हे खरे. पण तिचा खेळ मात्र त्याने बाद केला. मैदानावर खरे दाक्षिण्य म्हणजे पूर्ण जोराने पाठलाग करणे, आणि ती पडली तर हात देऊन उठविणे. आणि तो पडला, तर तिनेही तसेच करणे.

तर मग आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर काय? दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात काही सत्य आहे. जे सौजन्य गरज पाहते, विचारून पुढे येते, मोबदल्यात काही काढून घेत नाही आणि घरातही टिकते, ते पक्के. त्याने कोणाचाही अपमान होत नाही. जे केवळ दिखाऊ असते, किंवा "तुम्ही नाजूक, तुम्ही बसा" असे म्हणून खुर्ची, शेत किंवा संधी काढून घेते, ते कच्चे. त्यात पाणी ठरत नाही. आणि दाक्षिण्य कच्चे निघण्याची भीती वाटते म्हणून सौजन्यच सोडून देणे, हेही शहाणपण नव्हे. समानतेच्या नावाखाली वृद्ध स्त्रीला ढकलून गाडीत चढणारा मनुष्य समानतेचा पुरस्कर्ता नसून केवळ उद्धट असतो. मडके कच्चे निघाले, म्हणून कुंभार मडकी घडविणे सोडीत नाही. तो ते पुन्हा आव्यात घालतो.

मुलग्यांनो, कोणाला जागा द्याल तेव्हा मोकळ्या मनाने द्या. परंतु बहिणीला तिचा वाटा देण्याची वेळ येईल, तेव्हा तोही तितक्याच मोकळ्या मनाने द्या. मुलींनो, मदत हवी असेल तर ती घेण्यात कमीपणा मानू नका. नको असेल तर नम्रपणे "नको" म्हणा. आणि दुसऱ्याला गरज असेल तेव्हा तुम्हीही आपली जागा सोडून उठा. ज्या समाजात स्त्रीला हक्क मागावा लागत नाही आणि थकल्याभागल्या कोणालाही जागा मागावी लागत नाही, तोच समाज खरा दाक्षिण्यशील होय.

स्वाध्याय

१. 'दाक्षिण्य' या शब्दाचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.

२. गोरोबाकाकांच्या थापटण्याची कथा लेखकाने या पाठात कशासाठी सांगितली आहे?

३. पाठात सांगितलेल्या चार कसोट्या कोणत्या? त्यांपैकी तुम्हांला सर्वांत महत्त्वाची कोणती वाटते? कारण लिहा.

४. "दाराचे वजन फार नसते, हंड्याचे असते." या वाक्याचे स्पष्टीकरण करा.

५. 'एस.टी.तील सवलत : उपकार की हक्क?' या विषयावर वर्गात चर्चा करा. दोन्ही बाजूंचे मुद्दे फळ्यावर मांडा.

६. घरातील कामे कोण कोण करते, याची एका आठवड्याची नोंद ठेवा. आणि तीवरून तुम्हांला काय आढळले, ते दहा ओळींत लिहा.